कुत्र्या-मांजरांनी केलेलं नुकसान : कोणते घरगुती उपाय करू नयेत?

खाडीवारा (ठाणे पश्चिम)

घोडबंदर रोडला भाड्याचा फ्लॅट. घरात नऊ महिन्यांची देशी कुत्री आणि दीड वर्षाचा बोका. लिव्ह अँड लायसन्स ऑगस्टअखेर संपतंय, म्हणजे जे काही करायचं ते भर पावसात. नुकसान असं :

बेडरूमच्या दाराची चौकट खालून दीड फूट कुरतडली आहे. सगळ्यात खोल जागी साधारण १२ मिमी. चौकट पॉलिशची आहे, रंगाची नाही.

हॉलमधल्या सोफ्याचा एक कोपरा आणि त्यामागची भिंत बोक्याने शू करायला ठरवून टाकली आहे. पाऊस लागल्यापासून वास जास्त येतो. सोफ्याच्या हातावर (रेक्झिन) नखांचे ओरखडे आहेत. हॉलमध्ये इटालियन मार्बल, बेडरूममध्ये व्हिट्रिफाइड.

खिडकीची डासांची जाळी एका कोपऱ्यात फाटली आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर सुचवलेले उपाय : व्हिनेगर आणि खायचा सोडा, फिनेल, डेटॉलचं पाणी, डांबरगोळ्या, चौकटीला लाल तिखट, एम-सील, फेविकॉलमध्ये भुसा, रेक्झिनला फेविक्विक, भिंतीला रंगाचा एक हात. अजून यातलं काहीही केलेलं नाही. कशाने काम वाढेल ते आधी कळलं तर बरं.

---

मीठपाणी

काही केलेलं नाही हे उत्तम. निम्मी मेहनत नाहीतर आधीचे उपाय काढण्यात जाते.

सुरुवात शूपासून करा. वास मुळातून जायच्या आधी रंग, पॉलिश, पुट्टी काहीही चढवलंत तर तो आत कोंडतो आणि महिन्याभरात सगळं पुन्हा खरवडायची वेळ येते.

मांजराच्या शूत तीन वेगवेगळ्या भानगडी असतात. पहिली युरिया. जिवाणू तो फोडतात आणि अमोनिया सुटतो, नाकात झिणझिणतो तो हा. दुसरी युरिक आम्ल आणि त्याचे क्षार. हे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, फोममध्ये आणि प्लास्टरमध्ये बारीक खडे होऊन बसतात. तिसरी फेलिनीन नावाचं अमिनो आम्ल. ते फुटून गंधकाचे पदार्थ तयार होतात आणि बोक्याचा म्हणून जो दर्प ओळखू येतो तो त्यांचा. नसबंदी न झालेल्या बोक्यात फेलिनीन बरंच जास्त असतं. एप्रिल-मेमध्ये कोपरा शांत असतो आणि जून लागला की पुन्हा वास मारू लागतो, कारण हवेतल्या ओलाव्याने सुकलेलं सगळं परत जागं होतं. बोक्याने नव्याने केलीच असेल असं नाही.

आता व्हिनेगर. ते आम्ल असल्यामुळे अमोनियाला तात्पुरतं बांधून ठेवतं, दहा मिनिटांत वास कमी होतो, आणि म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. पण युरिक आम्ल आम्लात आणखीच कमी विरघळतं, म्हणजे खडे जागच्या जागी. सोडा उलट अल्कधर्मी. तो ओल्या शूवर टाकला की अमोनिया जास्त सुटतो. दोन्ही एकत्र केलं की जोरदार फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड. मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेट मिसळलेलं पाणी, ज्याचा शूवर काही परिणाम नाही. काम झाल्यासारखं वाटतं ते फेसामुळे. सोड्याचा खरा उपयोग शेवटी, सगळं धुऊन सुकल्यावर, उरलासुरला वास ओढून घ्यायला.

मार्बलवर व्हिनेगरचा थेंबही नको, लिंबूही नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याचं पॉलिश खातं. तिथे जो निस्तेज ठिपका पडतो तो डाग नव्हे, दगडच झिजलेला असतो. पुसून जात नाही, पॉलिशवाल्याकडून घासूनच घ्यावा लागतो. कोटा, कडप्पा, शहाबादी हेही चुनखडीच. जुन्या घरात मोझॅक असेल तर त्यातल्या संगमरवरी खड्यांचं तेच होतं. व्हिट्रिफाइडला काही होत नाही, पण वारंवार व्हिनेगर लावलं तर सांध्यांमधलं सिमेंटी ग्राउट झिजतं आणि पुढची शू थेट खाली मुरते.

ब्लीच यादीत नाही, पण कोणीतरी सुचवेलच. शूतल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की क्लोरामाइन वायू तयार होतो, छाती भरून येते. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्याच्याबरोबर ब्लीच गेलं तर क्लोरीन. खिडक्या बंद असलेल्या पावसाळी घरात हे प्रयोग नकोतच.

गरम पाणी आणि स्टीम क्लीनरही नको. शूतली प्रथिनं उष्णतेने धाग्यात घट्ट बसतात.

सोफ्याचं काम असं करा :

आधी डाग शोधा. रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारायची, ३६५ नॅनोमीटरची मिळाली तर उत्तम, ३९५ ची चालते. शू पिवळसर-हिरवट चमकते. निळसर पांढरं चमकतं ते बहुधा कपड्यांच्या पावडरीतलं चमक आणणारं द्रव्य, त्यावर वेळ घालवू नका. डागांभोवती खडूने रेघ मारा. सोफा उलटा करून तळाचं काळं कापड एका बाजूने सोडवा आणि खालूनही टॉर्च मारा. वर वाटीएवढा दिसणारा डाग फोमच्या तळाशी ताटाएवढा पसरलेला असतो.

कव्हर काढून गार पाण्यात वेगळं धुवा. फोम निघत असेल तर टबात साध्या गार पाण्यात बुडवून दाबून दाबून तीन-चार पाण्यांतून काढा, पिळू नका, फाटतो. मग पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर, मूळ शू जेवढी मुरली असेल त्याच्या दीडपट-दुप्पट प्रमाणात ओता. स्प्रेचे चार फवारे मारून उपयोग नाही, जिथवर शू गेली तिथवर एन्झाइम गेलं पाहिजे. वर प्लास्टिक झाका म्हणजे ते ओलं राहील. बाटलीवर दिलेला वेळ बघा, जुन्या डागाला साधारण २४ तास तरी लागतात. एन्झाइम सुकलं की काम थांबतं, पंख्याखाली दोन तासांत सुकवलंत तर पैसे वाया. आणि त्याआधी तिथे फिनेल, डेटॉल, ब्लीच टाकलेलं असेल तर एन्झाइम निकामी होतं. लोक म्हणतात एन्झाइम चालत नाही, ते बरेचदा यामुळे.

फिक्या सुती कापडावर हायड्रोजन पेरॉक्साइड चांगलं चालतं. मेडिकलमध्ये मिळणारं बहुतेक ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. अशा २५० मिली द्रावणात एक मोठा चमचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. हे ताजं करायचं, लगेच वापरायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. बाटलीत झाकण लावून ठेवलंत तर ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटते. रंगीत कापडाचा रंग उडतो, आतल्या शिवणीवर आधी बघा. पेरॉक्साइड आणि एन्झाइम एकाच वेळी नको, पहिलं पूर्ण सुकल्यावर दुसरं. व्हिनेगरबरोबर तर कधीच नको, पेरअ‍ॅसेटिक आम्ल तयार होतं.

खरी अडचण सुकवण्याची. चार इंची फोम जुलैत हवेवर सुकत नाही, आतून बुरशी धरतो आणि मग दोन वास होतात. टॉवेल ठेवून त्यावर उभं राहून पाणी काढा, फोम उभा ठेवून खालून पंखा, खोली बंद करून एसी ड्राय मोडवर. दोन दिवसांत आतून सुका लागला नाही तर तेवढा कोपरा कापून ४० डेन्सिटीचा नवा तुकडा चिकटवा. फोमवाले मापाने कापून देतात. फोमखालची प्लाय भिजलेली असेल तर नवा फोम बसवायच्या आधी तीही स्वच्छ करून सुकवा, नाहीतर नव्यालाही वास लागतो.

---

नेरूळची_माऊ

वरच्या यादीतल्या चार गोष्टी नुसत्या निरुपयोगी नाहीत, जिवावरच्या आहेत.

फिनेल : काळं फिनेल कोळशाच्या डांबरातल्या फिनॉलचं, पांढरं बहुधा पाइन तेलाचं. मांजराच्या यकृतात फिनॉल निकामी करणारी यंत्रणा फार कमकुवत असते. फरशी पुसली, मांजर त्यावरून चाललं, मग पंजे चाटले, एवढं पुरे. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल त्याच कुळातलं. सॅव्हलॉनसारख्यात सेट्रिमाइड असतं, त्याने जीभ आणि तोंड सोलवटतं. लाळ गळते, मांजर खाणं सोडतं, आणि घरच्यांना वाटतं दात दुखतोय.

डांबरगोळ्या : नॅफ्थलीन. कुत्र्याने गोळी गिळली तर रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. गोळी पोटात हळूहळू विरघळते, त्यामुळे पहिल्या दिवशी कुत्रा ठणठणीत दिसतो. सोफ्याखाली कापूर ठेवतात तोही विषारीच. निलगिरी, टी ट्री, सिट्रोनेलाचं तेल मांजराच्या घरात नको.

लाल तिखट : कुत्री नाक लावून हुंगते, तिखट नाका-डोळ्यांत जातं, मग ती पंजाने डोळा चोळते आणि बुबुळाला ओरखडा पडतो. पंख्याने उडून माणसांनाही त्रास. पॉलिशच्या चौकटीवर तेलकट लाल डाग राहतो तो वेगळाच.

असं काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. अंगाला लागलं असेल तर सौम्य शाम्पूने धुवा, चाटू देऊ नका, बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. रात्री-अपरात्री जवळचं कोण उघडं असतं ते आजच विचारून ठेवा.

आता बोक्याविषयी. भिंतीवर उभ्यानेच, शेपटी थरथरवत पिचकारी मारतो, की सोफ्यावर बसून करतो? पहिलं असेल तर हद्द आखणं आहे. नसबंदीने बहुतेक बोके ते थांबवतात, हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. दुसरं असेल तर मूत्रमार्गाचा त्रास आहे का ते आधी तपासा. लिटरमध्ये (शी-शूच्या वाळूच्या पेटीत) वारंवार बसतोय, जोर करतोय आणि शू येत नाहीये असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका, बोक्यात मार्ग पूर्ण बंद होतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

लिटरच्या पेट्या मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, कुत्री पोचणार नाही अशा जागी. कुत्रीच्या भीतीने सोफ्यामागचा कोपरा निवडलेला असणं अगदी शक्य आहे.

---

कोपरीकर

एवढा महागाचा एन्झाइम क्लीनर कशाला? घरी बायो-एन्झाइम करा की. गूळ १ भाग, संत्र्या-मोसंबीच्या साली ३ भाग, पाणी १० भाग, तीन महिने. फरशी लख्ख होते.

---

मीठपाणी

@कोपरीकर, नावात एन्झाइम आहे म्हणून गोंधळ होतो. सालींचं ते आंबवण मुख्यतः अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे पातळ व्हिनेगरच. सिंकसाठी, व्हिट्रिफाइड फरशीसाठी छान आहे. बाजारातल्या क्लीनरमध्ये युरिया, युरिक आम्ल फोडणारी एन्झाइमं किंवा ती तयार करणारे जिवाणू मुद्दाम घातलेले असतात. साली-गुळाच्या द्रवात ते असतील याची काही खात्री नाही. शिवाय आम्ल असल्यामुळे मार्बल खातं, उरलेल्या गुळाने फोममध्ये मुंग्या येतात, आणि सालींमधलं लिमोनीन मांजराला चालत नाही. तीन महिन्यांत यांचं अ‍ॅग्रीमेंटही संपलेलं असेल.

---

कोपरीकर

मुंग्यांचं मान्य. बाकी माझी फरशी लख्खच आहे.

---

रंधा_पटाशी

चौकटीकडे वळतो. १२ मिमी खोल आणि पॉलिश, या दोन गोष्टींमुळे यादीतले दोन्ही उपाय बाद.

एम-सील म्हणजे इपॉक्सी, दोन भाग एकत्र मळले की कडक होणारं. घट्ट झाल्यावर ते स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) पीत नाही. वर कितीही पॉलिश मारा, राखाडी ठिगळ तसंच दिसणार. आणि ते लाकडापेक्षा कडक, त्यामुळे पॉलिश पेपर मारताना ते झिजत नाही, आजूबाजूचं लाकूड खोलगट होतं आणि ठिगळ उठून दिसतं. चौकट ऑइल पेंटची असती तर चाललं असतं : दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचं, कोरड्या लाकडावरच लावायचं, घट्ट होण्याआधी ओल्या बोटाने आकार द्यायचा. पूर्ण घट्ट होईपर्यंत कुत्रीला त्या खोलीत सोडायचं नाही.

फेविकॉल-भुसा दोन-तीन मिमीच्या खाचेला ठीक. जाड भरलं की पाणी उडून आकसतं आणि कडेने चीर पडते. गोंदाने भुशाची छिद्रं बंद होतात म्हणून तेही पॉलिश पीत नाही. शिवाय पावसात मऊ पडतं. कुत्रीला कुरतडायला ते मूळ लाकडापेक्षा सोपं.

नीट दुरुस्ती म्हणजे लाकडाचा तुकडा बसवणं. कुरतडलेल्या भागाच्या वर-खाली २०-२० मिमी जास्त धरून काटकोन्याने रेघा मारा. करवतीने कडा आणि पटाशीने तळ सपाट काढा, खोली सगळीकडे सारखी, तुमच्या बाबतीत १३-१४ मिमी. वरची कड सरळ आडवी कापू नका, तिरकी कापा, सांधा लाकडाच्या रेषांमध्ये लपतो. त्याच जातीचं लाकूड, रेषा उभ्या, तुकडा चौकटीपेक्षा १ मिमी वर राहील इतका जाड. वॉटरप्रूफ ग्रेडचा गोंद, क्लॅम्प लावून रात्रभर. क्लॅम्प बसत नसेल तर बिनडोक्याच्या बारीक खिळ्यांनी धरा, खिळे आत खोल ठोका, भोकांत मेणाची कांडी अगदी शेवटी, पॉलिश झाल्यावर. मग रंधा, मग १२०, १८०, २२० नंबरचा पेपर, कायम रेषांच्या दिशेने. स्टेन आधी त्याच लाकडाच्या फालतू तुकड्यावर मारून, सुकवून जुळवा. ओला आणि सुका रंग वेगळा दिसतो, इथे घाई केली की पट्टा दिसतो. शेवटी सीलर आणि वरचं पॉलिश.

पावसात लाकूड फुगलेलं असतं. आत्ता अगदी घट्ट ठोकलेला तुकडा हिवाळ्यात आकसून केसाएवढी फट दाखवेल. तुकडा आठवडाभर त्याच खोलीत ठेवून मग कापा, फरक बराच कमी होतो.

भाड्याच्या घराला दुसरा मार्ग : चौकटीच्या दोन्ही बाजूंना तळापासून तीन फुटांपर्यंत २५ x २५ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल, लाकडी रंगाचा. खड्डा मात्र आधी भरून सपाट करा, पोकळीवर अँगल बसवला की तो दाबाने चेपतो. मालकाला आधी विचारा. परवानगीशिवाय चिकटवलेला अँगल लपवाछपवी वाटतो. आणि डिपॉझिटची बोलणी करायच्या आधी सुताराचा लेखी अंदाज हातात असू द्या. मालकाचा आकडा सहसा पूर्ण चौकट बदलायचा असतो.

कुत्र्याने कुरतडू नये म्हणून मारतात त्या कडू स्प्रेबद्दल एक. त्यातले काही स्पिरिटमधले असतात. जुनं पॉलिश लाखेचं असेल तर स्पिरिटने ते विरघळतं आणि पांढरट चट्टे पडतात. सॅनिटायझरचंही तेच. आधी दाराच्या मागच्या बाजूला थेंब टाकून बघा. नऊ महिन्यांच्या कुत्रीचे पक्के दात आलेले असतात, म्हणजे आता हे दात येण्याचं खाजणं नव्हे. दाराचीच चौकट असेल तर बहुतेक दार बंद करून तिला आत ठेवता तेव्हाचं काम आहे. ते थांबलं नाही तर माझा तुकडाही खाईल.

---

खाडीवारा

खूप आभार सगळ्यांचे. @नेरूळची_माऊ, उभ्यानेच आणि शेपटी थरथरते, नसबंदी बाकी आहे, या आठवड्यात नेतो. @रंधा_पटाशी, दार बंद असतानाचंच काम आहे, बरोबर ओळखलंत.

भिंत, जाळी आणि रेक्झिन राहिलं. भिंतीचा रंग स्कर्टिंगच्या वर वीतभर पिवळा पडून फुगलाय.

---

दोन_हात

फुगलाय म्हणजे शू पुट्टीत गेली आहे. नुसता रंगाचा हात मारलात तर आठवड्यात पिवळा डाग वर येतो, वासही तसाच. पाण्याच्या रंगातलं पाणी तो डाग विरघळवून वर आणतं. दोन हात मारा नाहीतर चार.

पिवळ्या भागाच्या चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त धरून पत्र्याने रंग आणि पुट्टी खरवडा, खालचं प्लास्टर दिसेपर्यंत. नव्या इमारतींत आत बरेचदा जिप्सम प्लास्टर असतं. ते पाण्याने मऊ पडतं, म्हणून इथे एन्झाइम ओतू नका. स्पंजाने टिपत लावा, दिवसभर ओलसर ठेवा, मग सुकवा. जिप्समच भुसभुशीत झालं असेल तर तेवढं काढून नव्याने भरणं सोपं. स्कर्टिंगची वरची फट बघा, पिचकारी तिथूनच मागे उतरते. आतून वास येत असेल तर तेवढं स्कर्टिंग काढावं लागेल, त्याला पर्याय नाही.

सुकलं की वास अडवणारा थर. त्यासाठी लाखेइतकं चांगलं काही नाही. हार्डवेअरच्या दुकानात चपडा (लाखेचे पापुद्रे) मागा, २५० ग्रॅम चपडा एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डब्यात काळा पडतो. मेणकट गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ वापरा, मेण राहिलं तर वरचा रंग नीट धरत नाही. तासाभराच्या अंतराने दोन हात. मग ३२० च्या पेपरने हलकं घासून पुट्टी, प्राइमर, रंग.

स्पिरिट भडकतं. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती सगळं बंद, खिडक्या उघड्या, प्राण्यांना दुसऱ्या खोलीत. आणि दमट हवेत लाख पांढरी पडते, कारण स्पिरिट उडताना गार झालेल्या पृष्ठभागावर हवेतलं पाणी बसतं. पाऊस थांबलेली दुपार बघा. आधी तासभर एसी ड्राय मोडवर चालवून खोली कोरडी करा, मग एसी बंद करून, खिडक्या उघडून लावायला घ्या.

व्हाइट सिमेंटने खड्डा भरू नका, तेही कोणीतरी सांगेल. जिप्समवर ते धरत नाही, कडेने सुटतं.

---

गास्केट

जाळीचं सांगतो. डासांची जाळी म्हणजे मांजराचं संरक्षण नव्हे, हे आधी. वेल्क्रोची असेल तर बोका कबुतरामागे झेपावला की जाळीसकट खाली. वरच्या मजल्यावर असाल तर बाहेरून दोरी आणि हुकांवर ताणलेली नायलॉनची जाळी, किंवा दोन इंची अंतराची स्टीलच्या तारांची ग्रिल. तीन इंचांतून बारीक मांजर निघतं.

फाटक्या फायबरच्या जाळीला फेविक्विक लावलं की तेवढा भाग काचेसारखा होतो आणि पुढच्या पंजाला त्याच्या कडेने फाटत जातो. पूर्ण जाळीच बदला, सरकत्या फ्रेमचं काम तासाभराचं आहे. खोबणीतलं रबर स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढा, ते कडक झालं असेल तर नवं घ्या आणि नेताना जुन्याचा तुकडा सोबत न्या, जाडी दुकानात जुळवायची. जाळी चारी बाजूंनी दोन इंच मोठी कापा. आधी एक लांब बाजू, मग समोरची, मग आखूड बाजू. रबर रोलरने दाबत जायचं आणि जाळी हाताने फक्त सरळ धरायची. ताणून बसवली की अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मधे आत वाकते आणि रुळात अडकते. जादा जाळी शेवटी ब्लेडने, रबराच्या बाहेरच्या कडेने कापा.

मांजर असेल तर फायबरऐवजी पीव्हीसीचा लेप असलेली पॉलिएस्टरची जाड जाळी किंवा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची. गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका, खाडीच्या हवेत गंजते आणि पावसात मार्बलवर तांबडे ओघळ येतात.

---

मीठपाणी

रेक्झिन राहिलं. फेविक्विक सुती अस्तराला लागलं की जोरात तापतं, बोट भाजतं आणि धूर येतो. वर पांढरी बुरशीसारखी कड उमटते ती पुसून जात नाही. जागा कडक होते, बसल्यावर बाजूने तडकते. ओरखडा आरपार असेल तर चिरेतून चिमट्याने मागे जीन्सचा तुकडा सरकवा, चिरेपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा. त्यावर लवचिक राहणारा रेक्झिनचा गोंद, कडा एकमेकींना भिडवून वर बटर पेपर आणि जाड पुस्तक, रात्रभर. आरपार नसेल तर त्या रंगाचा रेक्झिन फिलर, पातळ थरांत. बूटपॉलिश नको, पँटला लागतं. खोबरेल नको, धूळ धरतं.

पण आधी जागा बोटाने चोळून बघा. खवले निघत असतील तर ते पीयूचं (पॉलियुरेथेनचा थर असलेलं) रेक्झिन आहे आणि दमट हवेने आपणहून सोलतंय, त्यात बोक्याचा दोष नाही. त्याला कुठलाच गोंद धरत नाही, हाताचं कापड बदलून घ्या.

---

खाडीवारा

सोफा आपला स्वतःचा, त्यामुळे त्याची घाई नाही. भिंत आणि चौकट आधी. @दोन_हात, चपड्याचा थर सुकल्यावर खोलीत प्राण्यांना कधी सोडायचं?

---

दोन_हात

स्पिरिटचा वास पूर्ण गेला की. या हवेत दुसऱ्या दिवशी सकाळी सोडा. सोफा मात्र त्या भिंतीला परत लावू नका. बोक्याची नसबंदी होऊन महिना जाईपर्यंत तो कोपरा मोकळा आणि उजेडात ठेवा.